पाहणाऱ्याचा धर्म

पाहणे ही क्रिया निरुपद्रवी होय, असा सामान्य समज आहे. मारणारा दोषी ठरतो. दुरून नुसते पाहणाऱ्यास दोष कोणी द्यावा? आपल्या वेदान्ताने तर साक्षीस अलिप्ततेचे उच्च स्थान दिले आहे. परंतु अर्वाचीन काळी पाहणे हेच ज्यांचे कार्य, अशी काही जहाजे समुद्रावर संचार करू लागली असून, त्यांच्यामुळे या समजाचा पुनर्विचार करणे प्राप्त झाले आहे.

ही जहाजे क्षेपणास्त्रांचा व अंतराळयानांचा माग घेतात. रडारचे किरण बहुतांशी सरळ रेषेत जातात. पृथ्वी मात्र गोल, आणि तिचा सुमारे सात-दशांश पृष्ठभाग जलमय. किनाऱ्यावरून सोडलेले अस्त्र क्षितिजाखाली गेले की भूमीवरील यंत्रांस ते दिसेनासे होते. म्हणून डोळाच भरसमुद्रात नेऊन ठेवावा लागतो. अमेरिकेच्या ‘जनरल हॉइट एस. व्हँडेनबर्ग’ या जहाजाचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. १९४३ साली निराळ्या नावाने जलावतरण झालेल्या या जहाजाने प्रथम सैनिक वाहिले, युद्धानंतर निर्वासितांस आसरा दिला, आणि पुढे प्रचंड तबकड्या माथ्यावर घेऊन क्षेपणास्त्रे व अंतराळयाने या दोहोंचाही माग काढला. मानवास अंतराळात नेणाऱ्या यानासाठी एक दृष्टी आणि नगरे बेचिराख करणाऱ्या अस्त्रासाठी दुसरी, असा भेद त्या तबकड्यांस ठाऊक नव्हता.

यावर कोणी म्हणेल, की विद्या निर्दोष आहे. दोष असेल तो तिचा उपयोग करणाराचा. आमच्या मते हे उत्तर अर्धेच खरे आहे. अस्त्र कोठे पडले, लक्ष्यापासून किती ढळले, हे मोजले जाते ते पुढील अस्त्र अधिक अचूक पडावे म्हणूनच. असे मोजमाप करणारा साक्षी राहत नाही; तो सहकारी होतो.

तथापि याच दृष्टीने संहारास आळाही घातला आहे. १९७२ साली अमेरिका व सोव्हिएत रशिया यांनी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा करार केला. उभयतांचा परस्परांच्या शब्दावर विश्वास नव्हता. म्हणून प्रत्येकाने आपापल्या साधनांनी खात्री करून घ्यावी, आणि दुसऱ्याच्या या साधनांत व्यत्यय आणू नये, असे ठरले. पुढे २००२ साली अमेरिकेने तो करार सोडला. परंतु दोन वैऱ्यांनी पाहिले जाण्यास दिलेली ती संमती लहान गोष्ट नव्हती. पाहणाऱ्याची खरी कसोटी आम्हांस येथेच सापडते: जो पाहतो तो स्वतः पाहिला जाण्यास तयार आहे काय?

हा प्रश्न परक्यांपुरता नाही. विशाखापट्टणम येथे बांधलेले ‘ध्रुव’ हे आपले जहाज सप्टेंबर २०२१ मध्ये सेवेत दाखल झाले. पुढील वर्षी ऑगस्टमध्ये चीनचे ‘युआन वांग ५’ श्रीलंकेतील हंबनटोटा बंदरी आले, तेव्हा आपल्या देशात चिंता व्यक्त झाली. ती चिंता निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. मात्र आपला डोळा तो रक्षक आणि परक्याचा तो हेर, एवढ्यावर नीती उभी राहत नाही.

म्हणून काय आपण डोळे मिटून घ्यावे? मुळीच नाही. ज्या राष्ट्रास स्वतःची दृष्टी नाही, त्यास अफवेवर विसंबावे लागते, आणि अफवेइतका वाईट मंत्री दुसरा नाही. पण दृष्टीबरोबर मर्यादाही स्वीकारली पाहिजे. २००५ साली भारत व पाकिस्तान यांनी क्षेपणास्त्र-चाचणीची पूर्वसूचना परस्परांस देण्याचा करार केला. वैर मिटले नसतानाही त्यांनी आपला एक पडदा आपण होऊन दूर सारला. शेजाऱ्याकडे रोखून पाहण्याचा अधिकार ज्यास हवा, त्याने आपल्या घराची एक खिडकी तरी उघडी ठेवावी, हाच पाहणाऱ्याचा धर्म होय.