आयुष्यभराचें तेल

‘आयुष्यभर’ हा शब्द माणसें फार सढळ हातानें वापरतात. लग्नांत तो उच्चारतात, विम्याच्या कागदांवर छापतात, आणि अलीकडे मोटारगाड्यांच्या माहितीपुस्तिकांतहि तो येऊं लागला आहे. आपोआप गिअर बदलणाऱ्या कांहीं गाड्यांच्या पुस्तिकेंत असें लिहिलेलें असतें कीं, गिअरबॉक्समधील तेल गाडीच्या आयुष्याइतकें टिकणारें आहे, तें बदलण्याचें कारण नाहीं. वाक्य लहान आहे आणि मालकाला तें गोड लागतें, कारण त्यानें एक खर्च आणि एक काळजी दोन्ही एकदम मिटतात. परंतु ह्या वाक्याच्या पोटांत एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो यंत्रशास्त्राचा आहे तितकाच नीतीचाहि आहे. आयुष्य म्हणजे कोणाचें आयुष्य?

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत तेलाचा डबा कशाला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, ज्या घरांत हें मासिक वाचलें जातें त्याच घरांच्या अंगणांत आतां अशा गाड्या उभ्या असतात. २०१४ सालीं मारुतीनें आपल्या सेलेरिओ गाडींत डाव्या पायाला विश्रांति देणारी गिअरची व्यवस्था बेताच्या किंमतींत दिली, आणि ही सोय केवळ धनिकांची राहिली नाहीं. मालवण, कुडाळ, कणकवली ह्या बाजूसहि ज्यांचे गुडघे धरले आहेत असे निवृत्त गृहस्थ, आणि गणपतीला मुंबईहून येणारे चाकरमानी, अशा गाड्या चालवितांना दिसतात. ज्या वस्तूवर आपण बायकामुलांना बसवितों तिच्याविषयीं आपलें कर्तव्य काय, हा प्रश्न आमच्या मतें साहित्याच्या वाचकानें टाळण्यासारखा नाहीं.

ह्या तेलाचें काम साधें नसतें. इंजिनांतील तेल मुख्यतः घर्षण कमी करतें आणि उष्णता वाहून नेतें. गिअरबॉक्समधील तेलाकडे त्याहून अधिक कामें असतात. टॉर्क कन्व्हर्टर नांवाच्या बंद भांड्यांत एका पंख्याची शक्ति दुसऱ्या पंख्याकडे पोंचते ती ह्या तेलाच्या प्रवाहानेंच. त्याच्याच दाबानें आंतले क्लच आवळले जातात आणि सुटतात. आणि गंमत अशी कीं, घर्षण अजिबात नाहींसें करणें हें त्याचें काम नव्हे. दांतेरी चक्रांना निसरडें ठेवावयाचें, पण क्लचच्या चकत्यांना एकमेकींस घट्ट धरूं द्यावयाचें, अशी परस्परविरुद्ध आज्ञा त्याला एकाच वेळीं पाळावी लागते. १९३९ सालीं अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें ओल्ड्समोबिल गाडीसाठीं हायड्रामॅटिक ही व्यवस्था बाजारांत आणली, आणि १९४९ सालीं तिच्या तेलाला ‘टाइप ए’ ह्या नांवानें मानक ठरवून दिलें. हें तेल बहुधा तांबडें असतें. पुष्कळांना तो रंग म्हणजे त्याचा गुण वाटतो. वास्तविक गळती झाली तर ती कोणत्या तेलाची हें ओळखतां यावें एवढ्यासाठींच तो मिसळलेला असतो.

आतां आयुष्याकडे वळूं. तेल म्हातारें होतें तें मुख्यत्वें उष्णतेनें. सपाट रस्त्यावर संथपणें चालणाऱ्या गाडींत तें फारसें तापत नाहीं. पण सिंधुदुर्गांतून देशावर जाणाऱ्याला घाट चुकत नाहींत. सावंतवाडीहून आंबोलीचा, कणकवलीहून फोंड्याचा, वैभववाडीहून गगनबावड्याकडे चढणारा करूळचा. गाडींत पांच माणसें, मागें तांदूळ, नारळ, आंब्याच्या पेट्या, आणि पुढें ओझ्यानें कण्हणारा ट्रक, अशा स्थितींत वळणावळणावर गाडी रांगूं लागली म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरमध्यें तेल नुसतें घुसळलें जातें, आणि घुसळण्याची सगळी मेहनत उष्णतेंत जमा होते. पावसाळ्यांत रस्त्यावर आलेल्या पुराच्या पाण्यांतून गाडी काढण्याची हौस पुष्कळांना असते. त्या वेळीं गिअरबॉक्सच्या श्वासनळींतून थोडें जरी पाणी आंत गेलें, तरी क्लचच्या चकत्यांवर चिकटविलेला थर भिजून सुटूं लागतो. पुस्तिका लिहिणाऱ्यांना हें ठाऊक नसतें असें नाहीं. बऱ्याच पुस्तिकांत मागच्या एखाद्या पानावर ‘कठीण वापर’ ह्या सदराखालीं डोंगराळ रस्ता, ओझें, सततची गर्दी ह्यांसाठीं निराळी आणि लवकरची मुदत दिलेली असते. आमच्या घाटांत राहणाऱ्यांचा रोजचा वापरच तो. तें मागचें पान मात्र कोणी वाचीत नाहीं. जर्मनींतील झेडएफ ही कंपनी अनेक मोटारवाल्यांना गिअरबॉक्स करून देते. तिचेच गिअरबॉक्स बसवून कांहीं मोटारवाले ‘आयुष्यभर’ म्हणतात. पण ती स्वतः मात्र सुमारें आठ वर्षांनीं किंवा साधारण लाख किलोमीटरच्या आसपास तेल बदला, असें सांगते. ज्यानें यंत्र घडविलें तो एक सांगतो आणि ज्यानें तें विकलें तो दुसरें. दोघांपैकीं कोणाचें ऐकावें हें ठरविण्यास फार तर्क लागत नाहीं.

म्हणजे ‘आयुष्य’ ह्या शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याप्रमाणें बदलतो. विकणाऱ्याच्या दृष्टीनें गाडीचें आयुष्य हमीच्या मुदतीच्या फार पुढें जात नाहीं. पहिल्या मालकाच्या दृष्टीनें तें सहासात वर्षांचें. पुढें तो ती विकून टाकतो. पण गाडी त्यानंतरहि दहा वर्षें जगते. मुंबई-पुण्याच्या पहिल्या मालकाकडून ती कोकणांत येते, तारकर्ली-देवबागच्या बाजूस पर्यटकांना फिरविणारा एखादा तरुण ती कर्ज काढून घेतो, आणि लाखसव्वालाख किलोमीटर झालेल्या त्या गाडीचा गिअरबॉक्स ऐन हंगामांत त्याच्या हातीं मोडतो. तेल न बदलण्यांत पहिल्या मालकाचे जे कांहीं हजार रुपये वांचले ते कोणाच्या खिशांतून गेले, ह्याचा हिशेब मग उघड होतो.

यावर आक्षेप असा येईल कीं, मालकानें पुस्तिकेंत लिहिलें तसें केलें; त्याहून अधिक जाणण्याची अपेक्षा सामान्य माणसाकडून कशी करावी? आक्षेप हलका नाहीं. मालवणचा मच्छीमार पावसाळ्यापूर्वीं आपली होडी वर ओढून घेतो, तिचे सांधे तपासतो, लांकडाला तेल चोपडतो. त्याला तिची प्रत्येक फळी ठाऊक असते. वस्तूची सेवा आणि वस्तूचें ज्ञान हीं त्याच्या ठिकाणीं एकच असतात. आमची गाडी आम्हांस परकी आहे. तिच्या पोटांत काय चालतें हें दिसत नाहीं, आणि कित्येक नव्या गाड्यांत तर गिअरचें तेल पाहण्याची पट्टीसुद्धां ठेवलेली नसते. न दिसणाऱ्याविषयीं कर्तव्य कसें असावें? आम्हांस वाटतें, ज्ञान नसणें हा दोष नव्हे. पण जें अज्ञान आपल्याला सोयीचें असतें त्याची थोडी चौकशी करणें प्रत्येकाकडे लागतें. फायद्याची बाब पुस्तिकेंत असली तर ती आपण तीनतीनदां वाचतों. खर्च वांचविणारें वाक्य मात्र एकदां वाचून, आणखी कांहीं न विचारतां, पुस्तक मिटतों.

निवडीविषयींहि असाच एक गोड गैरसमज आहे. ‘सर्वांत उत्तम तेल कोणतें?’ असें दुकानांत विचारणारे पुष्कळ भेटतात, आणि महाग तें उत्तम असें उत्तर त्यांना बहुधा मिळतें. प्रश्नच चुकीचा आहे. वैद्य औषधापूर्वीं रोगी पाहतो आणि अनुपान त्यावर ठरवितो. तसें येथें गिअरबॉक्स कोणतें तेल मागतो हें आधीं पाहावें लागतें. १९६० च्या दशकांत अमेरिकेंत फोर्डचें ‘टाइप एफ’ आणि जनरल मोटर्सचें डेक्सरॉन अशीं दोन तेलें शेजारीं शेजारीं विकलीं जात. दोन्ही तांबडीं, दोन्ही चांगल्या प्रतीचीं. परंतु फोर्डच्या क्लचला घट्ट पकडणारें तेल हवें होतें, तर दुसऱ्याला हळुवारपणें सरकूं देणारें. एकाचें दुसऱ्यांत घातलें तर दोन्ही सज्जनांची भेट नासावी तसा प्रकार होई. आज तर ‘ऑटोमॅटिक’ ह्या एका नांवाखालीं चार निरनिराळीं यंत्रें नांदतात. टॉर्क कन्व्हर्टरवाल्याचें तेल सीव्हीटीच्या पट्ट्याला चालत नाहीं. दुहेरी क्लचवाल्याचें आणखी निराळें. आणि स्वस्त गाड्यांतील एएमटी म्हणजे आंतून हातानें गिअर घालण्याचाच गिअरबॉक्स असल्यामुळें त्यास साधें गिअर ऑइल लागतें. डब्यावरील भाषाहि नीट वाचावी. ‘अमुक मानकाची मान्यता मिळालेलें’ आणि ‘अमुक मानकाच्या गाड्यांस योग्य’ ह्या दोन वाक्यांत मोठें अंतर आहे. पहिल्या वाक्यामागें तपासणाऱ्या तिऱ्हाइताचा शब्द असतो. दुसऱ्यामागें तेल विकणाऱ्याचा स्वतःचाच.

जातां जातां एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. आरंभींच्या ह्या अमेरिकन तेलांत स्पर्म व्हेल ह्या देवमाशाचें तेल मिसळलेलें असे. क्लच हळुवार लागावा ह्यासाठीं त्याच्यासारखें दुसरें द्रव्य सांपडलें नव्हतें. १९७० नंतर अमेरिकेंत कायद्यानें तें बंद झालें, आणि रसायनशास्त्रज्ञांनीं धडपडून दुसरीं द्रव्यें शोधलीं. पर्याय नाहीं असें जें वर्षानुवर्षें सांगितलें जात होतें, त्याला पर्याय कायदा आल्यावर निघाला. त्याच देवमाशाच्या पोटांतील अंबर विकण्याच्या लोभानें आज कोकणकिनाऱ्यावर माणसें पकडलीं जातात, हें वाचकांनीं वर्तमानपत्रांत पाहिलेंच असेल.

आतां बदलण्याविषयीं. तळाचें बूच काढून जें तेल उतरतें तें एकूण तेलाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच असतें. उरलेलें टॉर्क कन्व्हर्टरमध्यें राहतें. म्हणून एकदां बदललें कीं सारें नवें झालें असें होत नाहीं, आणि कांहीं मेकॅनिक थोड्या थोड्या अंतरानें दोनतीनदां बदलण्यास सांगतात तें त्यासाठींच. पातळी ठराविक उष्णतेवरच मोजावी लागते. थंड गाडींत पाहिली तर ती खोटी दिसते. तळाच्या लोहचुंबकावर करडा, लोण्यासारखा मऊ थर सांपडला तर घाबरण्याचें कारण नाहीं. धातूचे तुकडे सांपडले तर मात्र आहे. हें सारें मालकानें समोर उभें राहून पाहावें. मेकॅनिकवर अविश्वास म्हणून नव्हे. ज्याचें काम कोणी पाहत नाहीं त्याला चांगलें काम करण्याची उमेद तरी कोठून येणार?

खरा पेंच पुढेंच आहे. ज्या गाडीचें तेल लाख किलोमीटरपर्यंत कोणी पाहिलेंच नाहीं, तिला हात लावण्यास पुष्कळ मेकॅनिक कांकूं करतात. “कित्याक हात लावतास?” असें आमच्याकडचा अनुभवी माणूस सरळ विचारतो. क्लच आधींच झिजलेले असतात. तेल बदलल्यावर गाडी बिघडली तर दोष बदलणाऱ्याच्या माथीं येतो. उलट, गाडी गिअर बदलतांना धक्का देऊं लागली असेल तर नव्या तेलानें तो धक्का कांहीं महिने दबतोहि. आतां समजा, अशी गाडी विकावयाची आहे आणि कोणी सुचविलें कीं, विकण्यापूर्वीं ताजें तेल भरा, गाडी लोण्यासारखी चालेल. तेंच तेल, तेच हात, तोच खर्च. घरीं ठेवावयाच्या गाडींत तें भरणें ही काळजी; विकावयाच्या गाडींत गुपचूप भरणें ही फसवणूक. दोहोंमधील भेद गिअरबॉक्सांत कोठेंहि सांपडणार नाहीं; घेणाऱ्याला काय सांगितलें ह्यांतच तो सांपडेल. आमचें मत असें कीं, तेल बदलावें किंवा बदलूं नये, परंतु घेणाऱ्याला तीन गोष्टी स्वच्छ सांगाव्या: किती किलोमीटरपर्यंत तें बदललें नव्हतें, केव्हां बदललें, आणि त्यापूर्वीं गाडी धक्का देत होती कीं नाहीं. त्यानें किंमत दहावीस हजारांनीं उतरेल. ती उतरावयासच हवी होती. कारण तेवढी किंमत गाडींत नव्हतीच.

आणि उतरविलेलें तेल? एका गाडींतून तीनचार लिटर निघतें. तें गॅरेजच्या मागें ओततात, किंवा वाळवी लागूं नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासतात. ज्या जिल्ह्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो तेथें जमिनीवर सांडलेलें कांहीं जागेवर राहत नाहीं. तें व्हाळांत उतरतें, व्हाळांतून कर्लीच्या खाडींत, आणि खाडींतून देवबागच्या मुखाशीं समुद्रांत. जवळच, सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतीं, १९८७ सालीं घोषित झालेलें सुमारें एकोणतीस चौरस किलोमीटरचें सागरी अभयारण्य आहे. वापरलेलें तेल घातक कचरा समजून नोंदणी झालेल्या पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यावें, असा २०१६ च्या नियमांचा दंडक आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून तें गोळा करण्याची जबाबदारी तेल विकणाऱ्या उत्पादकांवरहि आली आहे. खेड्यांतल्या लहान गॅरेजवाल्याकडे तें नेणारा माणूस मात्र महिनोन्महिने फिरकत नाहीं, आणि त्याचें पिंप भरून वाहूं लागतें. गाडी त्याच्याकडे सोडण्यापूर्वीं, नवें तेल कोणतें घालणार ह्याच्या जोडीला जुनें कोठें जाणार हेंहि त्यास विचारावें. आणि पिंप भरलें आहे असें तो म्हणाला, तर आपलें तीनचार लिटर डब्यांत भरून घ्यावें आणि कुडाळ-कणकवलीस जातांना, जेथें तेल नेणाऱ्याची फेरी नियमित होते अशा एखाद्या मोठ्या गॅरेजांत, पोंचतें करावें.