चाळीस पोती आणि एक सही

आमच्या पारावर पेपर आला की आधी भानगडीची बातमी वाचली जाते. कुठल्या महामंडळाचा अध्यक्ष धरला, कुठल्या समितीवर कुणाचा मेव्हणा बसला. मग कुणीतरी म्हणतं, "सगळे चोर हायेत." एवढं बोलून तंबाखू थुंकायची आणि ज्याच्या त्याच्या कामाला जायचं. मीही पुष्कळ वर्षं तसाच उठून जायचो. आता मला तसं उठता येत नाही. का, ते सांगतो.

मी दहावीपर्यंत शिकलो, तेही जालन्यात मस्तगडला मामाच्या खोलीवर राहून. मस्तगड म्हणजे जुना किल्ला. 1725 साली निजाम आसफजाहाच्या हुकमावरून काबिलखानानं तो बांधला. म्हणजे तोही नेमलेल्या माणसाच्याच हातचा. मामाच्या खोलीत माझ्यासंगं आणखी एक पोरगं राहायचं, मामाच्या सोयऱ्यातलं. एका तव्यावरच्या भाकरी आम्ही दोघांनी खाल्ल्या, एका कंदिलावर अभ्यास केला. मी दहावी होऊन नांगरामागं गेलो, तो पुढाऱ्याच्या मागं गेला आणि हळूहळू स्वतःच पुढारी झाला. त्याचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की वाचणाऱ्याला वाटतं दोष त्या एकट्याचा आहे.

पहिली गोष्ट 1981 ची. आमचे दादा विहीर बांधत होते. चाळीस पोती सिमेंट पाहिजे होतं. आजच्या पोरांना खरं वाटणार नाही, पण तेव्हा सिमेंट दुकानात जाऊन मिळत नसे. सरकारी नियंत्रण होतं, परमिट लागायचं. दादा दोन महिने हेलपाटे घालत होते. सकाळी भाकरी बांधून निघायचे, संध्याकाळी तसेच माघारी. पावसाळा तोंडावर आला होता आणि विहिरीची कड ढासळायला लागली होती. शेवटी मामानं मस्तगडच्या एका वजनदार माणसाकडून चिठ्ठी आणली. चार ओळींची चिठ्ठी. चौथ्या दिवशी परमिट हातात. बैलगाडीत पोती लादून आम्ही आणली तेव्हा दादांच्या चेहऱ्यावरचं हसू मला अजून आठवतं.

पण रांगेत दादांच्या पुढं एक म्हातारा होता. त्याला घराची भिंत सावरायची होती. तो दादांच्याही आधीपासून येत होता. पोती घेऊन निघालो तेव्हा तो तिथंच पायरीवर बसलेला होता. आमच्या गाडीकडं बघून त्यानं फक्त विचारलं, "कसं काय मिळालं वं तुम्हाला?" दादा काही बोलले नाहीत. बैलांना हाकललं.

त्याच वर्षी 1 मे रोजी जालना जिल्हा झाला. मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अंतुले. औरंगाबादचे हेलपाटे वाचले म्हणून आमच्याकडं लोक त्यांचं नाव घ्यायचे. संजय गांधी निराधार योजनाही 1980 साली त्यांच्याच काळात निघाली. आणि तेच अंतुले जानेवारी 1982 मध्ये सिमेंटवरून गेले. मुंबईत बिल्डरांना जादा सिमेंट दिलं आणि त्याच बिल्डरांकडून इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला देणग्या आल्या, या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे, असा निकाल हायकोर्टाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी दिला. राजीनामा द्यावा लागला. पुढं खटले कितीतरी वर्षं चालले, शिक्षा झाली नाही, नंतर ते केंद्रात मंत्रीही झाले.

राजीनाम्याची बातमी आम्ही रेडिओवर ऐकली. पारावर सगळे "बरं झालं, बरं झालं" म्हणत होते. दादा घरी आले आणि विहिरीच्या कठड्यावर बसून म्हणाले, "आपन बी खाल्लंच की थोडं."

मी तेव्हा विशीतला. मला राग आला. म्हटलं, "दादा, आपली चाळीस पोती कुठं आन् त्यांचं कुठं!"

दादा म्हणाले, "पोत्यांचं नाही म्हनत मी. त्या म्हाताऱ्याचं म्हनतो."

पुढं लवकरच सिमेंटवरचं नियंत्रण सैल झालं आणि चिठ्ठीची गरज कमी झाली. सिमेंटपुरती. बाकी ठिकाणी चिठ्ठी राहिलीच.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची. 2011 च्या शेवटी माझ्या त्या मस्तगडच्या दोस्ताचा फोन आला. "तुझं नाव निराधार समितीवर घातलंय." या समितीत तहसीलदार सचिव असतात आणि अशासकीय सदस्य पालकमंत्र्यांच्या शिफारशीनं नेमले जातात. कुणाला पगार सुरू करायचा ते समिती ठरवते. आमच्याकडं त्याला पगारच म्हणतात. तेव्हा तो महिना 600 रुपये होता आणि वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत असलेल्यालाच मिळायचा. तालुका कोणता ते सांगत नाही.

बायको म्हणाली, "तुमाला काय कळतं त्याच्यातलं?" खरं तर काहीच कळत नव्हतं. पण गावात माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला, हार्दिक अभिनंदनाचा. ज्यांनी जन्मभर मला एकेरी हाक मारली ते "साहेब" म्हणायला लागले. माणूस चढतो. मीही चढलो.

2012 च्या मार्चमधली बैठक. त्यानंतर आलेला दुष्काळ जालन्यातल्या माणसाला सांगायला नको. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी टँकरच्या पाण्यावर बागा जगवल्या आणि शेवटी कुऱ्हाड लावली. त्या बैठकीत अर्जांचा ढीग होता. त्यात एक अर्ज अठरा एकरवाल्याच्या आईचा. कागदावर म्हातारी विभक्त, रेशनकार्ड वेगळं, उत्पन्नाचा दाखला वीस हजारांचा. सगळे कागद चोख. दोस्ताच्या माणसानं कानाशी येऊन सांगितलं, "तेवढं घ्या, भाऊंचं आहे." त्याच ढिगात आमच्या गल्लीतल्या एका मावशीचा अर्ज. तिचा नवरा ऊसतोडीला गेला होता आणि फडावरच वारला. परमुलखात कुणी नोंद केली नाही. मृत्यूचा दाखला नाही, म्हणून अर्जावर शेरा पडला, "त्रुटी". अर्ज नामंजूर.

मी दोन्ही कागदांवर सही केली.

मला काही खोटं करावं लागलं नाही. अठरा एकरवाल्याचे कागद नियमात होते आणि मावशीचा अर्ज नियमानंच बाद झाला. घरी येताना एसटीत बसल्यावर ध्यानात आलं की नियम तोडलाच नव्हता, तो फक्त वाटून घेतला होता. आपल्या माणसाच्या बाबतीत नियमातली वाट शोधायची आणि परक्याच्या बाबतीत नियमाची भिंत दाखवायची. चौकशी लागली असती तरी मी सापडलो नसतो.

मावशी दुसऱ्या दिवशी ओट्याशी आली. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "भाऊ, तुमच्या सहीला लई किंमत हाय म्हनत्यात." ते तिनं कौतुकानं म्हटलं होतं. तेच जास्त लागलं. मला तो पायरीवरचा म्हातारा दिसला.

मग मी तिच्या दाखल्यामागं लागलो. नवरा जिथं वारला त्या गावी गेलो, मुकादमाला शोधलं, उशिराच्या नोंदीसाठी कोर्टाचा आदेश घेतला. ऑगस्ट 2013 मध्ये तिचा पगार सुरू झाला. मधले महिने 17. गुणिले 600, म्हणजे दहा हजार दोनशे रुपये. मागची रक्कम मिळत नाही. दुष्काळाच्या सालात एका विधवेचे दहा हजार दोनशे माझ्या सहीनं बुडाले, हा हिशोब माझ्या डोक्यातून जात नाही.

मी राजीनामा दिला असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. दिला नाही. 2014 ला सरकार बदललं आणि समितीच गेली.

आता विचार असा येतो की ओळखीचा माणूस नेमणं हेच पाप आहे का? मला तसं वाटत नाही. अजिंठ्याच्या डोंगराकडचं पळसखेडं, तिथले शेतकरी-कवी ना. धों. महानोर 1978 साली राज्यपालांनी विधान परिषदेवर नेमले. घटनेनं साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या जाणत्या माणसांसाठी ती वाट ठेवली आहे. मोठ्या पुढाऱ्यांशी त्यांची मैत्री होती, ती काही लपलेली नव्हती. पण सभागृहात ते पाण्यावर बोलले, फळबागांवर बोलले. आमचं शेत त्या मोठ्या घरात गेल्यासारखं आम्हाला वाटलं. ओळख होती, पण ओळखीच्या आधी माणसाचं स्वतःचं काही होतं.

दुसऱ्या बाजूला अण्णाभाऊ साठे महामंडळ बघा. मातंग समाजातल्या गरिबांना धंद्याला कर्ज मिळावं म्हणून 1985 साली निघालेलं. त्याचे अध्यक्ष राहिलेले आमदार रमेश कदम यांना 2015 साली अटक झाली. आरोप शेकडो कोटींच्या अपहाराचा. दोषी कोण ते कोर्ट सांगेल. पण नाव अण्णाभाऊंचं आणि पैसा गरिबाचा, तिथं अशी वेळ आली, हे सांगायला कोर्ट लागत नाही. शिर्डीचं तसंच. 2021 च्या सप्टेंबरात सरकारनं साईसंस्थानचं विश्वस्त मंडळ नेमलं आणि नेमणुका कायद्याला धरून नाहीत म्हणून औरंगाबाद खंडपीठानं 2022 च्या सप्टेंबरात ते बरखास्त केलं. सरकारं बदलतात, पक्ष बदलतात, पण सोय लावायची यादी बदलत नाही. फक्त नावं बदलतात.

मग फरक कशात? मी शेतकऱ्याच्या अकलेनं एक खूण काढली आहे. नेमलेल्या माणसाला नेमणाऱ्यापुढं "नाही" म्हणता येतं का? शाळेत आपण रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट शिकलो. पेशव्यांच्या दरबारचे न्यायाधीश, आणि नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा दोष राघोबादादांना तोंडावर सांगून पुण्यातून निघून गेले. पद दुसऱ्यानं दिलेलं होतं, जीभ स्वतःची होती. मी मात्र त्या बैठकीत जीभ दोस्ताकडं गहाण ठेवून बसलो होतो.

म्हणून दादांचं "आपन बी खाल्लंच" खरं असलं, तरी त्यातून मोठ्यांना माफी मिळत नाही. दादांची विहीर ढासळत होती. सरळ वाट बंद होती म्हणून त्यांनी आडवाट धरली. ज्याच्या हातात सरळ वाट खुली करायचं होतं, त्यानं ती बंद ठेवून आडवाटेवर नाका बसवला. दोघं सारखे नाहीत. 2012 ला मी कोणत्या बाजूला होतो, तर नाक्यावर. सहाशे रुपयांच्या नाक्यावर, पण नाक्यावरच.

गेल्या दिवाळीत दोस्ताचा पुन्हा फोन आला. वय झालंय दोघांचं. मस्तगडच्या खोलीची, मामाच्या कंदिलाची आठवण काढली. मग म्हणाला, "एका समितीवर नाव घालतो तुझं. माणसं भरायचीत. आपला माणूस पायजे."

मी विचारलं, "तू सांगितलेल्या एका नावाला मी नाही म्हणलो, तं चालंल का?"

तो हसला. म्हणाला, "मंग तुला कामून घालू?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. दोस्तीनंच बोलला. मीही दोस्तीनंच म्हटलं, "मंग नको घालू."

फोन ठेवला. बायकोनं विचारलं, कुणाचा होता. म्हटलं, मस्तगडचा. ती पुढं काही बोलली नाही. मावशी आता नाही. तिच्या पोराला यंदा मी बांधावरची दोन लिंबाची झाडं तोडायला दिली, घराच्या सरीसाठी. त्यानं पैसे विचारले. मी घेतले नाहीत. तो म्हणाला, "काका, कामून?" मला सांगता आलं नाही. दहा हजार दोनशेचा हिशोब त्याला माहीत नाही. आता या कागदावर लिहून ठेवला आहे.