भोपळ्याचा लिलाव

नगरकडच्या चर्चमध्ये सुगीच्या सणाची उपासना आटोपली की अंगणात लिलाव मांडतात. कुणी बाजरी आणलेली असते, कुणी गावरान कोंबडी, कुणी लाल भोपळा. बाजारात चाळीस रुपयांना मिळणाऱ्या भोपळ्याची बोली दोनशेवर जाते. घेणारा पैसे मोजतो आणि भोपळ्याला हात न लावता म्हणतो, ‘राहू द्या तिथंच, परत बोला.’ तोच भोपळा पुन्हा विकला जातो. चार वेळा विकला गेलेला एक भोपळा मी पाहिला आहे. चौथ्या धन्यालाही तो नकोच होता, पण बायकोने पिशवी पुढे केली म्हणून नेला.

ख्रिस्ती मंडळीचं वर्तमानपत्र कशावर चालतं, असा प्रश्न निघाला की मला हा भोपळा आठवतो. वर्गणी देणारा आपल्या घरी अंक यावा म्हणून पैसे देतो. देणगी देणारा पैसे देऊन भोपळा टेबलावरच ठेवतो. म्हणून ‘देणगी म्हणजे जरा मोठी वर्गणी’ हा आपल्याकडचा समज मला पटत नाही.

‘ज्ञानोदय’ १८४२ साली अहमदनगरला निघाला, तो अमेरिकन मिशनच्या बळावर. त्या मिशनची पालकसंस्था बोस्टनची, आणि तिच्याकडे येणारा पैसा म्हणजे तिकडच्या चर्चमधल्या लोकांच्या लहानमोठ्या देणग्या. देणाऱ्यांना मराठीचं अक्षरही येत नव्हतं. त्यांना धर्मप्रसार हवा होता, यात लपवण्यासारखं काही नाही. पण १८५५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये याच पत्राने फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन अंकांत छापला. ज्यांचं दुःख त्यात होतं त्यांच्यापैकी वर्गणी भरू शकणारे किती असतील? केवळ गिऱ्हाइकाच्या पैशावर चालणाऱ्या पत्राला ती जागा परवडली असती का, अशी मला शंका आहे.

पुढे पैशाची ही परदेशी दोरी इथल्याच माणसांना काचू लागली. या पत्राच्या मराठी विभागाचं संपादन केलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडली आणि ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ मांडला. भारतीय ख्रिस्ती माणसाने आपल्या पायावर उभं राहावं, हा त्यामागचा आग्रह मला महत्त्वाचा वाटतो.

टिळकांनी जे स्वखुशीने केलं ते वर्तमानपत्रांना आज कायद्यानेच करणं भाग आहे. परदेशी देणग्यांवरचा १९७६चा कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०१०चा कायदा, दोन्हींनी नोंदणीकृत वर्तमानपत्राचा मालक, संपादक, मुद्रक, प्रकाशक, वार्ताहर, इतकंच काय, व्यंगचित्रकारालासुद्धा परदेशी देणगी घ्यायला मनाई केली आहे. ‘चर्चला बाहेरून पैसा येतो’ असं चहाच्या टपरीवर ठामपणे सांगणाऱ्यांना ही गोष्ट सहसा ठाऊक नसते. चर्चचं पत्र नोंदणीकृत असेल तर त्याला हात पसरायचा तो इथल्याच माणसांपुढे. (तसा तो इतरांनीही पसरलाच आहे. डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ १९२० साली उभा राहिला तो शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने.)

हा हात पसरण्याची जागा म्हणजे रविवारी मिस्सा, म्हणजे उपासना, सुटल्यावर चर्चच्या दाराशी लावलेलं टेबल, त्यावर अंकांचा गठ्ठा आणि पावतीपुस्तक. तिथे बसणाऱ्या पोराकडे सुट्टे कधीच नसतात, आणि बऱ्याच देणग्या त्या सुट्ट्यांच्या अडचणीतूनच जन्माला येतात. ‘ठेव रे बाबा उरलेले.’ बाकीचा पैसा येतो लग्नाच्या वाढदिवसाला, नोकरी लागल्यावर, आईच्या स्मृतिदिनाला. मग अंकात आईचा फोटो छापावा लागतो. कागद महाग, छपाई महाग, टपालाची सवलत असली तरी पत्ता बदललेल्यांचे अंक परत येतात. जाहिरातदार फिरकतो नाताळच्या अंकापुरता.

खरा पेच मात्र वेगळाच आहे. जाहिरातदार रुसला तर एक पान जातं. देणगीदार रुसतो तेव्हा तो पुढच्या रविवारी समोरच्याच बाकावर बसलेला असतो. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ ‘सुवार्ता’ या चर्चच्या मासिकाचे संपादक होते आणि त्याच काळात हरित वसईच्या लढ्यात उतरले होते. बिल्डरांविरुद्ध लिहिणं सोपं नव्हतंच. पण वाडीचा तुकडा विकायला निघालेला माणूसही त्याच पत्राचा वाचक असणार, आणि कदाचित त्यानेच गेल्या वर्षी पाच हजार दिलेले असणार. अशा वेळी संपादकाच्या हातात काय असतं? एवढंच, की त्या माणसाने भोपळा टेबलावर ठेवला होता, घरी नेला नव्हता. देताना दोघांनाही हे कळलेलं असावं लागतं. आपल्याकडे बहुधा ते फक्त संपादकाला कळलेलं असतं, आणि ट्रस्टींना तर ते कळूनच घ्यायचं नसतं. म्हणून देणगीदारांची यादी छापावी, पण आकडे छापू नयेत असं माझं मत आहे. आकडे छापले की बाकांची उंची बदलते.

अशाच एका पत्राच्या कचेरीत मी वर्गणीदारांचं जुनं रजिस्टर चाळत होतो. पुष्कळ नावांपुढे ‘मयत, अंक मुलाच्या नावे’ असा शेरा. एक नाव लाल शाईने खोडलेलं होतं. अग्रलेखावर भडकून त्या गृहस्थांनी कार्ड टाकून अंक बंद करायला सांगितलं होतं. त्याच ओळीत पुढच्या रकान्यांत, दर डिसेंबरला, देणगी ५०० रुपये. सलग सहा वर्षं. मी व्यवस्थापकांना विचारलं, ‘अंक न वाचताच?’ ते म्हणाले, ‘वाचतात की. शेजाऱ्याचा मागून नेतात.’