पसंतीचा आकडा आणि विरोधाचा आवाज

एप्रिल १९६१मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर संघटनेने प्रशिक्षण देऊन पाठवलेले सुमारे चौदाशे क्यूबन निर्वासित ‘बे ऑफ पिग्ज’च्या किनाऱ्यावर उतरले. तीन दिवसांत फिडेल कॅस्ट्रो यांच्या सैन्याने त्यांचा पुरता पाडाव केला. शंभराहून अधिक जण मारले गेले, हजारावर पकडले गेले. या मोहिमेला मंजुरी देणारे अध्यक्ष जॉन केनेडी सत्तेवर येऊन जेमतेम तीन महिने झाले होते आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी जाहीरपणे स्वतःकडे घेतली होती. त्यानंतर काही दिवसांतच गॅलप संस्थेने लोकांना केनेडींच्या कामगिरीबद्दल विचारले, तेव्हा ८३ टक्क्यांनी ती पसंत असल्याचे सांगितले. केनेडींच्या सगळ्या कारकिर्दीत याहून वरचा आकडा नोंदला गेला नाही. एवढ्या ढळढळीत अपयशानंतर पसंती वाढत असेल, तर हा आकडा नेमके काय मोजतो, हे शांतपणे तपासायला हवे. आपल्याकडेही असे आकडे आता दर काही महिन्यांनी ठळक मथळ्यांत येतात आणि त्यांच्या आधाराने नेत्यांची थोरवी किंवा घसरण ठरवली जाते.

अशा आकड्यांवर सर्वांत आधी घेतला जाणारा आक्षेप नमुन्याच्या आकाराचा असतो: हजार-दीड हजार माणसांना विचारून कोट्यवधींचे मत कसे कळणार? हा आक्षेप जितका लोकप्रिय आहे तितकाच कच्चा आहे. शितावरून भाताची परीक्षा होते ती शिते पुष्कळ उचलली म्हणून नव्हे, भात नीट ढवळलेला असतो म्हणून. १९३६मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, त्यांतल्या वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांच्या बळावर आल्फ लँडन निवडून येणार असे जाहीर केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८पैकी ४६ राज्ये जिंकली. टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून नावे काढल्यामुळे मंदीत पोळलेला गरीब मतदार त्या ढिगात पुरेसा आलाच नव्हता, आणि उत्साहाने उत्तर पाठवणारेही एका बाजूचे अधिक होते. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट यांचा विजय सांगितला. तेच गॅलप १९४८मध्ये ट्रुमन यांच्याबाबत चुकले, तेही नमुना लहान होता म्हणून नव्हे. नीट निवडलेल्या दीड हजारांच्या नमुन्यात अडीच-तीन टक्क्यांच्या आसपास चूक संभवते आणि ती सांगून मोकळे होता येते. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. नमुना निर्दोष आहे, माणसे प्रामाणिक आहेत, बेरीज बरोबर आहे, असे सगळे धरून चालले तरी त्या आकड्याचा अर्थ काय?

गॅलपचा प्रश्न साधा आहे: अमुक व्यक्ती अध्यक्ष म्हणून ज्या रीतीने काम करत आहे ते तुम्हाला पसंत आहे की नापसंत? ट्रुमन यांच्या काळापासून दर अध्यक्षाबद्दल हाच प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत विचारला गेला आणि या सातत्यातच त्याचे मोल आहे. हॅरिस संस्था मात्र उत्तम, बरे, जेमतेम आणि वाईट अशा चार पायऱ्या देत असे आणि ‘जेमतेम’ची गणना नापसंतीत होई. तोच अध्यक्ष, तोच महिना, तरी दोन संस्थांचे आकडे वेगळे. शिवाय प्रश्न कामाविषयी आहे, माणसाविषयी नाही, आणि लोक हा फरक जाणतात. डिसेंबर १९९८मध्ये प्रतिनिधिगृहाने बिल क्लिंटन यांच्यावर महाभियोग संमत केला, तेव्हा त्यांच्या कामगिरीला ७३ टक्के पसंती होती. क्लिंटन प्रामाणिक आहेत असे मात्र त्यांतल्या पुष्कळांना वाटत नव्हते. लोकांना काही कळत नाही, ते भावनेच्या भरात उत्तरे देतात, या समजाला हे उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

मग जाणत्या लोकांनी ‘बे ऑफ पिग्ज’नंतर केनेडींना उचलून का धरावे? राज्यशास्त्रज्ञ जॉन म्यूलर यांनी १९७०मध्ये ट्रुमनपासून जॉन्सनपर्यंतच्या आकड्यांचा अभ्यास करून दाखवले, की एखादी ठसठशीत आंतरराष्ट्रीय घटना घडली आणि त्यात अध्यक्ष थेट गुंतलेला असला, की काही काळ पसंती उसळते. मग घटना विजयाची असो वा नामुष्कीची. साधारण स्पष्टीकरण देशभक्तीचे दिले जाते: संकटात लोक झेंड्याभोवती जमतात. पण तेवढ्याने भागत नाही, कारण प्रत्येक संकटात अशी उसळी येत नाही. रिचर्ड ब्रोडी यांनी पुढे मांडलेले स्पष्टीकरण मला अधिक पटते. संकटाच्या पहिल्या दिवसांत माहिती सरकारच्या हाती असते, विरोधी पुढारी गप्प राहतात किंवा पाठिंबा देतात, आणि नागरिकाच्या कानावर टीका येतच नाही. त्याला विचारले की तो ऐकलेल्या गोष्टींच्या आधारे उत्तर देतो. केनेडींच्या बाबतीत हेच घडले. पराभवानंतर काही दिवसांतच माजी अध्यक्ष आयसेनहॉवर त्यांना कॅम्प डेव्हिडमध्ये भेटले आणि देशाने अध्यक्षांच्या पाठीशी राहावे असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. ज्यांच्याकडून टीका यायची तेच सोबत उभे होते. सप्टेंबर २००१मध्ये हेच अधिक मोठ्या प्रमाणावर दिसले. हल्ल्याच्या आधी जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची पसंती ५१ टक्के होती, दोन आठवड्यांच्या आत ती ९० झाली. मधल्या काळात बळाच्या वापराला मुभा देणारा ठराव सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य आणि प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध एक असा संमत झाला होता. ९० हा आकडा आणि ४२० विरुद्ध एक हा निकाल, दोन्ही मला एकाच वस्तुस्थितीची दोन रूपे वाटतात. सात वर्षांनी, इराक युद्ध, कतरिना वादळ आणि आर्थिक कोसळणीनंतर, तेच बुश २५ टक्क्यांवर होते.

उलट दिशेचा पुरावा निक्सन यांचा आहे. वॉटरगेटची घरफोडी जून १९७२मधली. त्याच्या बातम्या छापून येत होत्या, तरीही नोव्हेंबरमध्ये त्यांनी ५०पैकी ४९ राज्ये जिंकली आणि जानेवारी १९७३मध्ये, व्हिएतनाम कराराच्या सुमारास, त्यांची पसंती ६७ टक्के होती. मे महिन्यात सिनेट समितीची सुनावणी दूरचित्रवाणीवरून घरोघर पोहोचू लागली. त्यांच्याच कार्यालयात काम केलेली माणसे शपथेवर बोलू लागली. ऑगस्टपर्यंत आकडा तिशीच्या आसपास आला आणि पुढच्या वर्षी राजीनाम्याच्या वेळी २४ वर होता. महागाईनेही त्यांना खाली ओढले, हे मान्य. पण मूळ कृत्य जुनेच होते. ते कोण सांगते आणि किती जणांपर्यंत पोहोचते, यात फरक पडला होता.

म्हणून माझे म्हणणे असे, की पसंतीचा आकडा नेत्याच्या गुणवत्तेइतकाच, किंबहुना पुष्कळदा त्याहून अधिक, त्या देशातल्या विरोधाच्या आवाजाची स्थिती दाखवतो. यावर एक रास्त आक्षेप येईल: लोक काही पुढाऱ्यांच्या तोंडाकडे बघून जगत नाहीत. बाजारात गेले की भाव कळतो, मुलाला नोकरी नाही हे सांगायला विरोधी नेता लागत नाही. थोरले बुश आखाती युद्धानंतर ८९ टक्क्यांवर होते आणि दीड वर्षाच्या आत २९ वर आले, ते बेकारीमुळेच. हा आक्षेप मी अर्धा स्वीकारतो. अनुभव स्वतःचा असतो. पण त्या अनुभवाचा दोष कोणाकडे जातो, हे घरात बसून ठरत नाही. महागाई सरकारमुळे आली, हुकलेल्या पावसामुळे आली की परदेशातल्या युद्धामुळे, याचा निवाडा सार्वजनिक चर्चेत होतो. १९९२मध्ये बुश यांच्याच पक्षातले पॅट ब्युकॅनन, बाहेरून रॉस पेरो आणि समोरून क्लिंटन, असे तिघे आर्थिक दुरवस्थेचे बोट एकाच माणसाकडे दाखवत होते. मंदी तांत्रिकदृष्ट्या मार्च १९९१मध्येच संपली होती, तरीही.

अलीकडच्या अमेरिकेत याचे तिसरे रूप दिसते. डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत गॅलपचा आकडा ३४ ते ४९ यांच्यातच फिरत राहिला, पन्नाशी त्याने एकदाही गाठली नाही. टीका भरपूर होती, पण ती एका बाजूच्या कानापर्यंतच जात होती.

आता रशियाकडे पाहू. तिथे लेवाडा सेंटर ही स्वतंत्र संस्था आहे, सरकारने २०१६मध्ये तिला ‘परकीय हस्तक’ ठरवूनही ती काम करत राहिली. तिच्या नोंदीनुसार फेब्रुवारी २०२२मध्ये व्लादिमीर पुतिन यांची पसंती ७१ टक्के होती, युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्चमध्ये ८३. लोक भीतीने खोटे सांगतात, हे यावरचे नेहमीचे उत्तर. ते तपासण्यासाठी काही अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी २०१५मध्ये एक युक्ती वापरली होती. उत्तरदात्याला काही नावांची यादी द्यायची आणि ‘यांतल्या किती जणांना तुमचा पाठिंबा आहे’ एवढाच आकडा विचारायचा, नाव सांगायला लावायचे नाही. निम्म्या लोकांच्या यादीत पुतिन यांचे नाव असते, निम्म्यांच्या नसते, आणि दोन सरासऱ्यांमधल्या फरकावरून खरा पाठिंबा काढता येतो. थेट प्रश्नापेक्षा आकडा साधारण दहा अंकांनी कमी आला, म्हणजे तरीही मोठाच. तेव्हा बहुतेक जण मनापासून बोलत होते असे धरू. तरीही आक्रमणानंतरच्या त्या ८३ला आपण केनेडींच्या ८३ची किंमत देऊ शकत नाही. मार्च २०२२मध्ये सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा कायदा आला, ‘एखो मॉस्क्वी’ हे नभोवाणी केंद्र बंद पडले. केनेडींभोवतीची शांतता विरोधकांनी स्वेच्छेने पाळलेली होती आणि ती केव्हाही मोडता येत होती. इथे तो मार्गच उरला नव्हता. जो आकडा खाली येण्याची वाट बंद केलेली आहे, तो वर असण्यातून फारसे काही कळत नाही.

भारताची स्थिती या दोहोंपेक्षा वेगळी आहे. ‘मॉर्निंग कन्सल्ट’ ही अमेरिकी कंपनी अनेक देशांच्या नेत्यांची पसंती ऑनलाइन सर्वेक्षणातून मोजते आणि तिच्या यादीत पंतप्रधान नरेंद्र मोदी गेली काही वर्षे सत्तर टक्क्यांच्या वर, बहुधा सर्वांत पुढे राहिले आहेत. भारतातला नमुना साक्षर लोकसंख्येचा आहे, हे ती कंपनी स्वतःच नमूद करते. मथळ्यात मात्र ते येत नाही. २०११च्या जनगणनेनुसार देशात साक्षरता ७४ टक्के होती, स्त्रियांची तर ६५च्या आसपास. त्याहून गंभीर गोष्ट तुलनेची आहे. ब्रिटिश पंतप्रधान दर बुधवारी संसदेत विरोधकांच्या समोरासमोर प्रश्नांना उत्तरे देतो आणि ते दृश्य देश पाहतो. अशा व्यवस्थेतले तीस टक्के आणि वेगळ्या प्रकारच्या माध्यमविश्वातले सत्तर टक्के एका रांगेत मांडून कोण थोर हे ठरवणे मला चुकीचे वाटते. मोदींची लोकप्रियता खोटी आहे असा याचा अर्थ नाही. लागोपाठ तीन निवडणुकांनंतर सत्तेवर राहिलेल्या नेत्याबद्दल तसे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. पण पसंती म्हणजे मत नव्हे, हे २०२४ने दाखवले. भाजपला सुमारे ३७ टक्के मते आणि २४० जागा मिळाल्या. महाराष्ट्रात महायुतीला ४८पैकी १७ जागा मिळाल्या. कांदा निर्यातबंदीने चिडलेल्या नाशिक आणि दिंडोरीतही तिचा पराभव झाला. सहाच महिन्यांत विधानसभेला त्याच महायुतीने २८८पैकी २३०च्या आसपास जागा घेतल्या. पंतप्रधान दोन्ही वेळी तेच होते. मतदार नेत्याखेरीज पुष्कळ काही तोलत होता आणि राष्ट्रीय आकड्यात त्याचा मागमूस नव्हता.

मग असे आकडे काढूच नयेत का? हे मला मुळीच मान्य नाही. निक्सन मौन बहुसंख्य आपल्या बाजूने असल्याचे १९६९पासून सांगत होते आणि १९७२च्या प्रचंड विजयानंतर तो दावा खोडून काढायला निवडणूक चार वर्षे दूर होती. तो खोडला महिन्यामागून महिन्याने उतरत गेलेल्या आकड्याने. त्यांच्याच पक्षाच्या खासदारांना विरोधात बोलणे त्यामुळे सोपे झाले. मोजमाप नसले की काय होते, ते आपण आणीबाणीत पाहिले. जून १९७५पासून वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप होती, विरोधी नेते तुरुंगात होते. १८ जानेवारी १९७७ला इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली आणि मार्चमध्ये काँग्रेसला अवघ्या १५४ जागा मिळाल्या. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये एकही नाही, आणि रायबरेलीत त्या स्वतः हरल्या. महाराष्ट्रात मात्र काँग्रेसने ४८पैकी २० जागा राखल्या, आंध्रात तर ४२पैकी ४१. त्या एकोणीस महिन्यांत देशभराचा एकच सरासरी आकडा कोणी काढला असता, तरी ही फाळणी त्यात दिसली नसती.

आपल्याकडे ‘लोकनीती’सारख्या संस्थेचे काम भरवशाचे आहे. पुढचा पंतप्रधान कोण हवा हे ती नावांची यादी न देता विचारते, त्यामुळे ज्याचे नाव मनात नाही तो ‘सांगता येत नाही’ म्हणू शकतो. पण तिची मोठी सर्वेक्षणे मुख्यतः निवडणुकांच्या सुमारास होतात. मधल्या चार वर्षांत जे येते ते वेगवेगळ्या प्रश्नांचे, वेगवेगळ्या पद्धतींचे आणि बहुधा वाहिन्यांच्या गरजेतून निघालेले असते. दर महिन्याला तोच प्रश्न, त्याच शब्दांत, राज्यवार, मराठीसह सर्व भाषांत, मत नसलेल्यांचे प्रमाण आणि खर्च कोणी केला हे उघड सांगून विचारणारी मालिका विद्यापीठांना उभारता येईल. प्रत्येक आकड्याशेजारी त्या महिन्यात संसद किती दिवस चालली आणि विरोधकांना किती बोलता आले, याचीही नोंद त्यांनी ठेवावी.