आपली मुले देवशब्द स्वतः वाचतील का?



नाताळच्या तयारीत आम्ही धर्मशिक्षण वर्गातील एका मुलीला ख्रिस्तजन्माचा उतारा वाचायला सांगितला. पुस्तकावर बोट ठेवून तिने तो खणखणीत आवाजात म्हटला. आम्हाला मोठा आनंद झाला. मग आम्ही सहज पान उलटले. तिचे बोट नव्या पानावर सरकत होते आणि तोंडातून मागच्याच पानाची वाक्ये येत होती. ती वाचत नव्हती, ऐकून पाठ केलेले म्हणत होती. चूक तिची नव्हती. वर्षभर आम्ही तिच्याकडून प्रार्थना पाठ करून घेतल्या, पण तिला अक्षर कळते का, हे एकदाही पाहिले नाही.

पाठांतराला आम्ही नावे ठेवत नाही. प्रभूची प्रार्थना आणि नमो मरिया आपण सारेच आई-आजीच्या मांडीवर ऐकून शिकलो. पण जे कोणी म्हणून दाखवले, तेवढेच पाठांतराने मिळते. उद्या हीच मुले कामासाठी, शिक्षणासाठी सौंदड सोडून नागपूर-रायपूरकडे जातील. तिथे दुःखाच्या रात्री जवळ आई नसेल, धर्मगुरूही नसेल. तेव्हा बायबल उघडून त्यांना स्वतः वाचता यावे, एवढ्यासाठी हा विषय आज मांडत आहोत.

संत लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय 4) प्रभू येशू नाझरेथच्या सभास्थानात उभा राहतो, यशयाची गुंडाळी उघडतो, हवी ती जागा शोधतो आणि वाचतो. हे वाचणे त्याला लहानपणी कोणीतरी शिकवले असणारच. तो ज्ञानाने वाढत गेला, असे तोच लूक सांगतो. जो स्वतः देवाचा शब्द आहे, त्याने मानव होऊन आपल्या मुलांसारखीच अक्षरे ओळखायला सुरुवात केली. मग मुलाला अक्षर शिकवणे हे फक्त शाळेचे काम आहे, असे ख्रिस्ती घराला कसे म्हणता येईल?

संत जेरोमने इ.स. 403 च्या सुमारास बेथलेहेमहून रोममधील लेटा नावाच्या आईला पत्र लिहिले. तिच्या लहानग्या पावलाला कसे वाढवावे, हे त्यात आहे. तो सांगतो, तिला लाकडाची किंवा हस्तिदंताची अक्षरे करून दे, ती त्यांच्याशी खेळू दे, खेळता खेळता शिकू दे. अक्षरे जोडून शब्द करायचे, ते संदेष्ट्यांची आणि प्रेषितांची नावे असू देत. सोबत शिकायला मैत्रिणी असाव्यात, शाबासकी द्यावी, आणि हळू शिकते म्हणून रागावू नये. एवढा मोठा बायबल पंडित, पण मुलीच्या पहिल्या अक्षराचा विचार करणे त्याला कमीपणाचे वाटले नाही.

आपल्याकडे हे कसे करावे? पेरणाऱ्याचा दाखला घ्या. त्यातले पाच शब्द पाहा : खडक, वाट, बी, काटे, माती. एकातही जोडाक्षर नाही. 'खडक' मध्ये काना-मात्रा काहीच नाही. 'वाट' मध्ये फक्त काना. 'बी' मध्ये वेलांटी. 'काटे' मध्ये काना आणि मात्रा, 'माती' मध्ये काना आणि वेलांटी. आधी गोष्ट सांगा. मग ताटात तांदूळ पसरून एकेक अक्षर बोटाने काढायला लावा आणि त्याचा आवाज मोठ्याने म्हणू द्या. ख, ड, क असे तुटक आवाज म्हणजे अजून शब्द नव्हे. ते एका श्वासात जोडले की 'खडक' होतो. मग शब्दांचा क्रम बदला, म्हणजे मूल वाचते की आठवते, ते लगेच कळेल. पुढे योना, नोहा, मोशे अशी सोपी नावे घ्या. 'ख्रिस्त' मध्ये दोन जोडाक्षरे आहेत. ते नाव मुलाच्या ओठांवर पहिल्या दिवसापासून असू द्या, वाचायला मात्र सवडीने येऊ द्या.

आणखी एक गोष्ट. आपल्या झाडीपट्टीच्या बोलीत 'ळ' चा 'र' होतो, 'ण' चा 'न' होतो. घरी 'डोरा' म्हणणारे मूल बार्तीमयाच्या गोष्टीत 'डोळे' पाहून अडखळते. त्याला हसू नका. पेत्राची गालीली बोली अंगणातल्या लोकांनी ओळखली होती, तरी प्रभूने त्याच्याच हाती मेंढरे सोपवली. घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द दोन्ही म्हणून दाखवा, मूल आपोआप जोडून घेईल.

पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या, पण त्यांच्याकडून आपण जरूर शिकावे. संस्कृतच्या एवढ्या विदुषी, तरी कमी शिकलेल्या बायांना कळावे म्हणून त्यांनी सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. 1922 मध्ये त्या वारल्या आणि 1924 मध्ये ते बायबल केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापून झाले. छपाईच्या कामाला तिथल्याच स्त्रियांचे हात होते. ज्यांना कोणी अक्षर दिले नव्हते, त्या देवशब्दाचे खिळे जुळवू लागल्या.

काही आया आम्हाला म्हणतात, "फादर, आम्हालाच वाचता येत नाही, आम्ही काय शिकवणार?" माउलींनो, गोष्ट तर तुम्हाला येते! तुम्ही गोष्ट सांगा, त्यातले पाच शब्द मुलाला वर्गात आम्ही शिकवू, आणि रात्री तेच शब्द ते तुम्हाला वाचून दाखवील. कदाचित त्याच्यासोबत तुम्हीही शिकाल.

पऱ्हे न टाकता थेट रोवणी होत नाही, हे धान पिकवणाऱ्या आपल्या गावाला सांगायला नको. रोज जेवणाआधी दहा मिनिटे मुलाला जवळ घ्या. आम्हीही वर्गात आता पान उलटून पाहणार आहोत. पुढच्या नाताळला ती मुलगी वेदीजवळ उभी राहील, तेव्हा तिने खरोखर वाचावे, आणि अडखळली तरी आपण सर्वांनी धीराने ऐकावे, एवढीच आमची प्रार्थना आहे.

प्रभू तुमच्या घरांना आणि मुलांना आशीर्वाद देवो. आमेन.

— तुमचे धर्मगुरू