जनीवरचा आळ

धन्याने चाकराशी कसे वागावे हा प्रश्न आपल्या पंथाला नवा नाही. आपल्या संतमेळ्यात एक मोलकरीण आहे. गंगाखेडची जनाबाई पंढरपुरी दामाशेटींच्या घरी दासी म्हणून राहिली आणि दळण-कांडण, झाडलोट करता करता संतपदाला पोहोचली. तिच्या जात्याला देवाने हात लावला, ही कथा आपण लेकरांना सांगतो. परंतु ती कथा आपण कोणासमोर सांगतो आणि कोठे थांबवतो, याचा विचार मी चाळीस वर्षे कीर्तने करूनही केला नव्हता. तो मला एका बाईने करावयास लावला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नगर शहरात (२०२४ साली नाव अहिल्यानगर झाले, परंतु आम्हां जुन्यांच्या तोंडी नगरच बसले आहे) एका श्रीमंत सद्गृहस्थांच्या घरी कार्तिकी एकादशीचे कीर्तन होते. गृहस्थ माळकरी, वारी न चुकविणारे. मी जनाबाईचे आख्यान लावले. देवाचे पदक हरवले, जनीवर चोरीचा आळ आला, तिला सुळाकडे नेले आणि सुळाचे पाणी झाले. श्रोत्यांनी विठ्ठलनामाचा गजर केला. आरती झाली, फराळ झाला.

हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. तेथे नळाखाली एक बाई भांडी घाशीत होती. उठून पाया पडली आणि म्हणाली, "म्हाराज, येक इचारू का? सुळाचं पानी झालं, ते झालं. पन ज्यांनी आळ घेतला, ती मानसं मागून जनीला काय म्हनली?"

मी म्हटले, "माउली, असे का विचारता?" तेव्हा तिने सांगितले. महिन्यापूर्वी त्या घरातली अंगठी सापडेना. तिची पिशवी उलटी केली, पदर झाडायला लावला. दोन दिवसांनी अंगठी देवाच्या डब्यात निघाली. "बाई म्हनल्या, सापडली बरं का. आन् मग म्हनल्या, कुकर आधी घास."

बाई पाथर्डीकडची. आधी ऊसतोडीला जात असे. तेथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. नवरा वारला, तो कोयता मोडला, म्हणून शहरात येऊन चार घरची धुणीभांडी.

तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. याच जिल्ह्यातील ताहराबादच्या महिपतीबुवांनी १७६२ साली 'भक्तविजय' पुरा केला. त्यांच्या संतचरित्रांवर माझा प्रपंच चालला. पण माझे आख्यान नेहमी सुळाच्या पाण्यापाशी संपत असे, कारण गजर तेथे होतो. त्या रात्री यजमानांशी मी एक शब्द बोललो नाही. पाकीट घेतले आणि निघालो. त्या घरून तिला दोन महिन्यांत मिळे, त्याहून अधिक मला दोन तासांत मिळाले होते. कीर्तनकाराने कीर्तनाचे द्रव्य घेऊ नये, ही तुकोबांची ताकीद. ती का दिली असेल, हे मला त्या रात्री समजले. घेतलेला पैसा जीभ धरतो.

आता कोणी शंका घेईल की, ज्याचे त्याचे प्रारब्ध. कोणी बंगल्यात जन्मतो, कोणी मोरीपाशी बसतो, त्याला धन्याने काय करावे? याचे उत्तर असे. शास्त्रांत कर्म तीन प्रकारचे सांगितले: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. आपल्या दुःखाला प्रारब्ध म्हणून सोसावयाचे की नाही, हे ज्याचे दुःख त्याने ठरवावे. परंतु मी तिला कमी दिलेला पगार हे तिचे प्रारब्ध नव्हे, ते माझे क्रियमाण आहे. माझ्या हातचे कर्म दुसऱ्याच्या प्रारब्धाच्या खात्यावर लिहिणे ही लबाडी झाली.

दुसरी शंका. आम्ही दिवाळीला लुगडे देतो, उरलेसुरले घरी नेऊ देतो, हा धर्म नव्हे काय? तो दानधर्म असेल. परंतु वेतन हे दान नव्हे, ते ऋण आहे. स्मृतींनी व्यवहाराची म्हणजे दाव्याची जी अठरा पदे सांगितली, त्यांत कबूल वेतन न देणे हे एक पद आहे. म्हणजे हा विषय राजाने न्याय करण्याचा, धन्याच्या दयेवर सोडण्याचा नव्हे. त्याच स्मृतींनी शूद्राविषयी अन्यायाची वचनेही लिहिली; मी ती शिकलो आहे आणि लपवीत नाही. परंतु ज्यांनी माणसांत इतके भेद मानले, त्यांनाही मजुराची मजुरी बुडविणे खपले नाही, मग सर्वांभूती देव पाहणाऱ्या वारकऱ्याला ते कसे खपावे?

तिसरी शंका घरधनिणींची, आणि ती अगदीच खोटी नाही. बाया न सांगता खाडे करतात, काम उरकून टाकतात, ऐन सणाला पगार वाढवून मागतात. खरे आहे. स्मृतींनीही काम सोडणाऱ्या चाकराला दंड सांगितला. परंतु आजारपणाचा पगार कापला जातो, सुटीचा वार ठरलेला नाही, अशा ठिकाणी खाडा सांगून कोण करील?

मार्केट यार्डातल्या हमालाची गोष्ट पाहा. हमालांनी एकजूट केली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी-हमालांचा कायदा झाला आणि पोते वाहणाऱ्याची मजुरी बोलाचालीतून कागदावर आली. घरकामगारांसाठीही २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण हमाल शंभर जण एका यार्डात असतात. धुणेभांडेवाली प्रत्येक घरात एकटी असते. तिच्या बाजूने बोलणारे त्या घरात कोणी असेल, तर ते घरच्यांपैकीच असावे लागते. वारीत आपण ज्याच्या त्याच्या पायी डोके ठेवतो, आणि घरी तिचा चहाचा कप खिडकीत वेगळा. मग ते डोके ठेवणे कोणत्या हिशेबात धरावे?

पैठणला नाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन बारा वर्षे पाणी भरीत होता. आपण देवाचे कौतुक करतो. मला आता नाथांचे अधिक वाटते. गडी कोण हे त्यांना ठाऊक नव्हते, तरी तो बारा वर्षे त्या घरी टिकला. गड्याला तेथे कसे वागवीत असतील, हे त्यात आले.

म्हणून माझी विनंती एवढीच. पगाराची तारीख ठरवा आणि मोडू नका. आठवड्याचा एक वार मोकळा द्या, आजारपणाचे कापू नका. कप एकच ठेवा. आणि खोटा आळ घेतला गेला असेल, तर ज्या माणसांदेखत घेतला त्यांच्याच देखत चुकलो म्हणा. चारचौघांत गेलेली अब्रू स्वयंपाकघरात हळूच परत देता येत नाही.

पुढे मन धीट करून मी त्या यजमानांकडे गेलो, बोललोही. परंतु तोवर बाई काम सोडून गेली होती. कोठे, ते त्यांना माहीत नव्हते. आताशा मी पदकाचे आख्यान सांगतो, सुळाचे पाणी होते, गजर होतो. गजर थांबला की तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत श्रोत्यांपुढे ठेवतो आणि थोडा वेळ काहीच बोलत नाही.

रामकृष्णहरि.