घेतलेल्या हातांचे ऋण



रामायणातील किष्किंधा कांडातला सुग्रीव आठवा. वालीचा वध झाला, राज्य मिळाले, पत्नी परत मिळाली. पावसाळा सरला, शरद ऋतू आला, तरी सीतेच्या शोधासाठी दिलेल्या वचनाची त्याला घाई नव्हती. तो रामाचा वैरी झाला नव्हता, सुखात रमला होता, एवढेच. लक्ष्मणाने त्याच्या दारात येऊन सुनावले, की इतर पापांना प्रायश्चित्त आहे, कृतघ्नाला नाही. हा शब्दच किती कठोर आहे पाहा! कृतघ्न म्हणजे केलेल्याचा घात करणारा.

शेजाऱ्याने, नातेवाईकाने केलेला उपकार आपण सहज मान्य करतो. पण देणारा परदेशी असला, की मन पळवाटा शोधते. ‘त्यांच्याकडे रग्गड आहे, दिले तर काय बिघडले?’ ‘आम्हाला लुटूनच ते श्रीमंत झाले.’ ‘त्यांचा काही हेतू असणारच.’ यांतले एकही वाक्य पूर्ण खोटे नाही. म्हणूनच ती मनाला इतकी सोयीची वाटतात.

बेलूर मठाचेच उदाहरण घ्या. भारताच्या आत्मगौरवाचे ते केंद्र. १८९८ मध्ये गंगेकाठची ती जमीन घेतली गेली, तेव्हा पैशांचा मोठा वाटा हेन्रिएटा म्युलर या इंग्रज बाईंनी उचलला होता. पुढच्या उभारणीसाठी सारा बुल या अमेरिकन बाईंनी भरघोस दान दिले. नॉर्वेचे विख्यात व्हायोलिनवादक ओले बुल यांच्या त्या विधवा. या दोघींनी भारताला लुटले नव्हते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. म्युलरबाई त्याच वर्षाच्या अखेरीस स्वामी विवेकानंदांच्या कार्यापासून दूर झाल्या. मतभेद झाले, संबंध तुटला. मग जमिनीचे ऋण फिटले का? नाही. मठाच्या इतिहासात त्यांचे नाव जमिनीच्या हकिगतीत आजही येते. दाता आपल्यावर नाराज झाला, तरी त्याने दिलेले ‘दिलेले’च राहते.

आता थोडे अवघड उदाहरण. सांगली-मिरज परिसरातील साधकांना वानलेसवाडी माहीत आहे. कितीजण रोज तिथून येतात-जातात! हे नाव कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांचे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून ते १८८९ मध्ये भारतात आले. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले, ते समुद्रापलीकडच्या देणगीदारांच्या पैशावर आणि मिरज संस्थानच्या सहकार्यावर. ते मिशनरी होते. आपला धर्म पसरावा असे त्यांना मनापासून वाटत होते, हे लपवण्याचे कारण नाही. धर्मांतराच्या प्रश्नावर आपले त्यांच्याशी जमणार नाही, आणि ते स्पष्ट बोलण्यात काही गैर नाही. पण त्या टेबलावर ज्याचा मोतीबिंदू निघाला, त्याला पुन्हा दिसू लागले हेही तितकेच खरे. मतभेद राहतील तिथे राहू द्या, ऋणही राहू द्या. दोन्ही एकाच मनात मावतात. मावत नसतील, तर मन लहान आहे.

‘मग काय, त्यांच्यापुढे हात जोडून बसायचे?’ असे कोणी विचारेल. मुळीच नाही. लाचारी हीसुद्धा कृतघ्नताच, कारण तिच्यात मिळालेल्याचे काहीच होत नाही. नजर पुढच्या मदतीकडे लागलेली असते.

१९७० मध्ये सुरू झालेली दुग्धक्रांतीची योजना आठवा. युरोपात दुधाची भुकटी आणि बटर ऑईल यांचे डोंगर साचले होते. ते भारताला दान म्हणून मिळाले. हे दान निव्वळ करुणेतून आले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल; त्यांनाही साठा हलवायचा होताच. ते फुकट वाटले असते, तर आपल्या गवळ्यांचे दूध कोण घेणार होते? डॉ. वर्गीस कुरियन यांनी हा धोका ओळखला. त्या भुकटीपासून दूध करून ते महानगरांत रीतसर विकले, आणि आलेला पैसा शेतकऱ्यांच्या सहकारी दूध संघांमध्ये आणि डेअऱ्यांमध्ये घातला. पुढे जगात सर्वाधिक दूध उत्पादन करणारा देश म्हणून भारताचे नाव झाले. दात्याचा हेतू हा दात्याचा हिशेब. मिळालेल्याचे आपण काय केले, हा आपला. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, मिळालेले परत न देता एकटाच भोगणाऱ्याला भगवंत चोर म्हणतात. तिथे देणाऱ्याच्या मनात काय होते, याची चौकशी नाही.

आणि खरी चोरी जवळच घडते. दूर देशात एखादी निवृत्त शिक्षिका पेन्शनमधून दरमहा थोडी रक्कम आपल्याकडच्या मुलाच्या शाळेसाठी बाजूला काढते. इकडे एखाद्या संस्थेत मुलांना नवे दप्तर देऊन फोटो काढतात आणि दप्तर परत कपाटात ठेवतात. त्या बाईंना हे कधी कळणार नाही. मुलांना मात्र कळते. दप्तर गेल्याचे त्यांना वाईट वाटतेच. पण उपकार हा देखावा असतो, हेही ती त्या वयात शिकतात. पुढे ती कोणाला काय देतील?

आपल्यापैकी अनेकजण शाळा, वसतिगृहे, दवाखाने यांच्या कामात आहेत. काही ठिकाणी कायद्याने ठरवलेल्या मार्गाने परदेशातून देणगी येते. अशा साधकांनी या महिन्यात एक काम करावे. सरकारला द्यायचा हिशेब वेळेवर द्याच. शिवाय प्रत्येक दात्याला एक पत्र लिहा. किती आले, कशावर खर्च झाले, काय फसले आणि किती शिल्लक आहे, एवढेच त्यात असू द्या. पुढची मागणी त्या पत्रात लिहू नका. ज्या मुलांसाठी पैसा आला, त्यांना ते पत्र पाठवण्यापूर्वी वाचून दाखवा. एखादी ओळ खोटी असेल, तर तीच सांगतील.